रिपोर्ट फायलीत, हाडं वाऱ्यावर

मराठी मध्यमवर्गीय घरात देवघर असतं, तशी एक फाइल असते. प्लॅस्टिकची, बटणाची, कपाटाच्या वरच्या खणातली. आई-वडिलांचे सगळे रिपोर्ट त्यात तारीखवार लावलेले असतात. साखर, थायरॉइड, क्रिएटिनिन, ईसीजी, मोतीबिंदूच्या ऑपरेशनचं कार्ड. साखर वाढली की घरात चर्चा होते, चहातली साखर बंद होते. कोलेस्टेरॉल वाढलं की बिचाऱ्या तुपावर संक्रांत येते. आणि याच फाइलीत मधे कुठेतरी हाडांचा एक रिपोर्ट असतो. चांगला रंगीत असतो हो. हिरवा, पिवळा, लाल असे पट्टे आणि त्यातल्या लाल पट्ट्यात एक ठिपका. त्या ठिपक्यावर मात्र घरात चकार शब्द निघत नाही.

माझं आजचं भांडण या ठिपक्यावरून आहे. कुणाशी, ते पुढे येईलच. आमच्या घरातले बरेच जण हे वाचतात, त्यांनी 'हे माझ्यावरच लिहिलंय' असं खुशाल समजावं. कारण ते तसंच आहे.

आधी त्या ठिपक्याचा अर्थ सांगते, कारण फाइल लावणाऱ्यालाही तो बहुतेक वेळा माहीत नसतो. डेक्सा नावाची तपासणी असते. आपण टेबलावर झोपायचं, वरून एक दांडा सरकत जातो, दहा-पंधरा मिनिटांत काम होतं. सुई नाही, दुखणं नाही, किरणोत्सर्ग अगदी किरकोळ. कमरेचे मणके आणि खुब्याचं हाड किती घट्ट आहे हे त्यात कळतं. आलेला आकडा तरुण, निरोगी माणसाच्या सरासरीशी ताडून पाहतात, तो टी-स्कोअर. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये याच्या रेघा आखून दिल्या. उणे १ पर्यंत ठीक. उणे १ ते उणे २.५ च्या दरम्यान हाड विरळ व्हायला लागलेलं, त्याला ऑस्टिओपीनिया म्हणतात. उणे २.५ किंवा त्याहून खाली गेलं की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ झालेली.

शेजारी आणखी एक आकडा छापलेला असतो, झेड-स्कोअर. तो आपली तुलना आपल्याच वयाच्या लोकांशी करतो. आमच्या काकांना हा आकडा फार आवडतो. काकांचं वय ७४. टी-स्कोअर उणे २.९. मी काही बोलायला गेले की काका झेड-स्कोअरवर बोट ठेवतात. "अगं, वयाच्या मानाने मी उत्तम आहे." अहो काका, चौऱ्याहत्तराव्या वर्षी बरोबरीच्या पुष्कळ लोकांची हाडं झिजलेलीच असतात. बोटीत पाणी शिरलंय आणि तुम्ही म्हणताय की शेजारच्या प्रवाशाच्या गुडघ्यापर्यंत आहे तेवढंच माझ्याही आहे, मग काळजी कसली! पन्नाशीपुढच्या माणसाचं निदान टी-स्कोअरवर करतात. (हे सगळं काकांना विचारूनच लिहितेय. "लिही, पण मी गोळी घेणार नाही" असं त्यांचं उत्तर आहे.)

आता दुसरा प्रकार. गणपतीच्या मांडवात, ज्येष्ठ नागरिक संघात, सोसायटीच्या क्लब हाउसात 'मोफत हाडांची तपासणी' असते. तिथे एका छोट्या यंत्रात टाच ठेवायला सांगतात. ते यंत्र ध्वनिलहरींवर चालतं. ते खोटं नसतं, पण त्यावरून निदान होत नाही, कारण वरच्या रेघा डेक्साच्या मोजमापासाठी आहेत. टाचेच्या तपासणीचा अर्थ एवढाच की आकडा वाईट आला तर पुढे जाऊन नीट तपासून घ्या. मी पाहिलेल्या शिबिरांत मात्र काय होतं? टाच ठेवा, चिठ्ठी घ्या, कॅल्शियमच्या गोळ्यांची नमुन्याची पट्टी घ्या, चहा-बिस्किट घ्या आणि घरी जा. ही चिठ्ठीही शेवटी त्याच फाइलीत.

माझा सरळ आरोप असा आहे की आपण तपासणीलाच उपचार समजायला लागलो आहोत. मुलगा परदेशातून ऑनलाइन पॅकेज बुक करतो, घरी येऊन रक्त नेतात, हाडांचं सेंटर जवळच असतं म्हणून तेही उरकतं, रिपोर्ट सगळ्यांच्या मोबाइलवर येतो. 'थँक्स बाबा झालं एकदाचं', दोन अंगठे, एक हात जोडलेलं चित्र. कर्तव्य संपलं. कुणी विचारत नाही की 'मग आता काय करायचं?' तपासणीचा सगळा उपयोग त्या 'मग'पासून पुढे आहे.

हे मी नुसतं तावातावाने म्हणत नाही. ब्रिटनमध्ये स्कूप नावाचा एक मोठा अभ्यास झाला, २०१८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. ७० ते ८५ वयाच्या १२,४८३ बायका त्यात होत्या. अर्ध्या नेहमीच्या वैद्यकीय देखभालीखाली होत्या. उरलेल्या अर्ध्यांचा हाड मोडण्याचा धोका मोजला, जास्त वाटला त्यांची डेक्सा केली आणि ज्यांना गरज होती त्यांच्या डॉक्टरांना 'यांना उपचार द्या' असं कळवलं. पाच वर्षांत या गटात खुब्याची हाडं मोडण्याचं प्रमाण २८ टक्क्यांनी कमी होतं. प्रामाणिकपणे हेही सांगायला हवं की सगळ्या प्रकारची फ्रॅक्चर एकत्र धरली तर फारसा फरक दिसला नाही. पण खुबा वाचला, आणि माणसाला अंथरुणाला खिळवतो तो खुबाच. यातली मेख लक्षात घ्या. त्या बायकांना नुसतं यंत्रावर झोपवून घरी पाठवलं नव्हतं. मोजमापानंतर उपचार सुरू करायचा निरोप गेला होता. आपण यातलं मोजमाप तेवढं उचललं आणि निरोप फाइलीत लावला.

बरं, लोक इतके निवांत का असतात? मला वाटतं याचं मोठं कारण म्हणजे हे दुखणं दुखत नाही. आपल्याकडे 'हाडं दुखतात' हा शब्दप्रयोग सर्रास चालतो, त्याने फार घोळ केलाय. दुखतात ते गुडघे, सांधे. सांध्यातली कूर्चा झिजते तो संधिवात, त्याचा हा विषय नाही. ठिसूळ होणारं हाड वर्षानुवर्षं गप्प असतं. ते बोलतं ते एकदाच, मोडताना. त्यामुळे गुडघे दुखणारी मामी तेल चोळते, लेप लावते, शेक घेते, तिला वाटतं आपण हाडांसाठी कितीतरी करतोय. आणि ज्या मामाचं काहीच दुखत नाही, तो म्हणतो माझी हाडं वज्राची आहेत. दोघांचाही हाडांशी काही संबंध आलेला नसतो.

आणि मणक्यांची गंमत (गंमत कसली!) तर अशी की ते मोडले तरी बऱ्याचदा कळत नाही. मणक्याच्या फ्रॅक्चरपैकी साधारण एक तृतीयांशच डॉक्टरांच्या लक्षात येतात. बाकीच्यांना 'पाठ धरली', 'उसण भरली', 'वात झाला' अशी नावं मिळतात. मग उंची कमी होते, साडी जमिनीवर लोळायला लागते, परकर वर खोचावा लागतो. पाठीला पोक येतं. आपण म्हणतो, वय झालं. भोपळ्यात बसून लेकीकडून परतणारी म्हातारी आठवा. पुस्तकातल्या चित्रात ती हमखास वाकलेली, हातात काठी. म्हातारपण म्हणजे पोक हे आपल्या डोक्यात बालपणापासून इतकं पक्कं बसलंय की त्या पोकात दोन-तीन मोडलेले मणके असू शकतात हे सुचतच नाही. तरुणपणीच्या उंचीपेक्षा चार सेंटिमीटर किंवा जास्त कमी झाली असेल तर पाठीचा एक्स-रे काढून घ्यायला हवा. जुन्या पासपोर्टवर, नोकरीच्या कागदांवर उंची लिहिलेली सापडते. भिंतीला उभं करून आजच मोजा. नातवंडांची मोजता ना?

आता एकेक सबब घेते. या सगळ्या मी आमच्याच घरात ऐकलेल्या आहेत.

पहिली: "आमच्या आज्यांना कुठे होतं हे?" होतं. त्याला नाव नव्हतं. आजी 'मोरीत पडली आणि मग उठलीच नाही' ही गोष्ट कुठल्या घरात नाही? ती बहुधा खुब्याच्या हाडाची गोष्ट असायची. शिवाय स्वातंत्र्याच्या सुमाराला आपल्या देशातलं सरासरी आयुर्मान पस्तिशीच्याही आत होतं. हाडं झिजण्याच्या वयापर्यंत पोचणारेच थोडे.

दुसरी: "हा बायकांचा आजार आहे." ही काकांची लाडकी. बायकांना जास्त होतो हे खरं, कारण पाळी गेल्यावर पहिल्या काही वर्षांत हाडांची झीज एकदम वाढते. पण आंतरराष्ट्रीय ऑस्टिओपोरोसिस फाउंडेशनचा हिशेब असा की पन्नाशीनंतर तिघींपैकी एकीचं आणि पाच पुरुषांपैकी एकाचं हाड या कारणाने मोडतं. आणि खुबा मोडल्यानंतर पहिल्या वर्षात दगावण्याचं प्रमाण पुरुषांत बायकांपेक्षा जास्त आहे. तंबाखू, दारू, दम्यासाठी किंवा सांध्यांसाठी वर्षानुवर्षं घेतलेले स्टेरॉइड, प्रॉस्टेटच्या कॅन्सरवरची हॉर्मोनची इंजेक्शनं, हे सगळं पुरुषांची हाडं पोखरतं.

बायकांचं म्हणाल तर त्यात आणखी एक गोष्ट आहे आणि ती शहरातल्या फाइलीपुरती नाही. पाळी लवकर गेली किंवा गर्भाशयाबरोबर अंडाशयही काढून टाकलं की झीज तेवढी लवकर सुरू होते. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्या तिशी-पस्तिशीतच काढल्या जातात हे २०१९ मध्ये गाजलं होतं, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समितीही नेमली होती. त्या बायका आता चाळिशी-पन्नाशीकडे चालल्यात. डोक्यावर उसाची मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं काम. त्यांची हाडं कोण मोजणार आहे? आपल्याला तर तपासणी दारात मिळते, पैसे आहेत, डॉक्टर ओळखीचे आहेत. तरी आपण रिपोर्ट वाचत नाही. याला काय म्हणायचं?

तिसरी सबब: "कॅल्शियम चालू आहे ना!" ही सगळ्यांत घातक, कारण ती सबब वाटतच नाही. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व हवंच. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे मोठ्या माणसाला दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, पाळी गेलेल्या बाईला १२००. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास, कपभर दुधात सव्वादोनशे-अडीचशे. म्हणजे नाचणीची भाकरी, दूध-दही-ताक, तीळ, राजगिरा, हिरव्या भाज्या हे रोज असेल तर बराचसा पल्ला जेवणातच गाठता येतो, उरलेलं गोळीने भरून काढायचं. पण टी-स्कोअर उणे २.९ झाल्यावर एकटं कॅल्शियम पुरत नाही. विटा-सिमेंट आणून टाकलं म्हणजे पडकी भिंत उभी राहते का? गवंडी लागतो. आणि भिंत पाडणारे जोरात असतील तर आधी त्यांना आवरावं लागतं. आपल्या हाडात पाडणाऱ्या आणि बांधणाऱ्या अशा दोन्ही पेशी सतत काम करत असतात. वयाबरोबर पाडकाम वरचढ होतं. खरी औषधं हे पाडकाम आवरतात किंवा बांधकाम वाढवतात.

ड जीवनसत्त्वाच्या साठ हजार युनिटच्या पुड्यांचं तर काय सांगावं. एक तर लोक दोन आठवडे घेऊन विसरतात, नाहीतर चार-चार वर्षं दर रविवारी घेतच राहतात. आठवड्याची पुडी साधारण आठ आठवड्यांसाठी असते, पुढचं प्रमाण डॉक्टर ठरवतात. अति झालं तर रक्तातलं कॅल्शियम वाढून उलट्या, बद्धकोष्ठ, मूत्रपिंडाला इजा इथपर्यंत मजल जाते.

चौथी: "त्या गोळीने जबडा सडतो." काकांनी हे कुठल्याशा फॉरवर्डमध्ये वाचलंय. हे पूर्ण खोटं नाही, म्हणूनच त्याचं नीट उत्तर द्यायला हवं. बिस्फॉस्फोनेट गटाच्या औषधांनी जबड्याच्या हाडाला इजा होऊ शकते. पण ती मुख्यतः कॅन्सरच्या रुग्णांना मोठ्या मात्रेत देतात तेव्हा दिसते. ऑस्टिओपोरोसिसच्या मात्रेत हा धोका वर्षाला दहा हजारांत एखाद्याला किंवा त्याहूनही कमी आहे. दात काढायचे असतील तर ते औषधाआधी उरकून घ्यायचे, एवढी काळजी पुरते. दुसरा एक दुर्मिळ दुष्परिणाम मांडीच्या हाडाचा, तो फार वर्षं सलग घेतल्यावर. म्हणून तर गोळी पाच वर्षं किंवा वार्षिक इंजेक्शन तीन वर्षं झाल्यावर डॉक्टर फेरविचार करतात, बऱ्याच जणांना मधे सुट्टीही देतात.

आता तराजूच्या दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही बघा. खुबा मोडलेल्या पाच जणांतला साधारण एक जण वर्षभरात जातो. जे राहतात त्यातल्या पुष्कळांना पूर्वीसारखं एकट्याने चालता येत नाही. मणका एकदा मोडला की पुढच्या वर्षभरातच पाचांतल्या एकीचा दुसरा मोडतो. आणि औषधाने काय होतं? १९९६ च्या एका अभ्यासात मणका आधीच मोडलेल्या दोन हजारांवर बायकांना तीन वर्षं अॅलेन्ड्रोनेट किंवा नुसती साखरेची गोळी दिली. साखरेच्या गटात २२ जणींचा खुबा मोडला, औषधाच्या गटात ११ जणींचा. वर्षातून एकदा सलाइनमधून द्यायचं झोलेड्रोनिक अॅसिड, त्याच्या २००७ च्या अभ्यासात मणक्याची फ्रॅक्चर ७० टक्के आणि खुब्याची ४१ टक्के कमी झाली. दहा हजारांतल्या एकाला घाबरून आपण पाचांतल्या एकाकडे पाठ फिरवतो. काका बँकेत होते, व्याजाचा दर दशांश चिन्हापर्यंत तोंडी सांगायचे. हा हिशेब मात्र त्यांना जमत नाही.

पाचवी: "मी पडतच नाही." गेल्या पावसाळ्यात काका जिन्याच्या शेवटच्या पायरीवर घसरले, हात टेकला आणि मनगट मोडलं. दीड महिना प्लॅस्टर. प्लॅस्टर निघालं, सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला, पेढे झाले. उभ्या उंचीवरून पडून मोठ्या माणसाचं हाड मोडलं तर 'एवढ्याशा पडण्याने मोडलंच कसं' हा प्रश्न विचारायलाच हवा. तो कुणी विचारला नाही. हाड बसवणाऱ्यांनी छान बसवलं. साखरेच्या डॉक्टरांनी साखर बघितली. डेक्सा झाली तीही चुलतभावाने पॅकेजमध्ये घेतली म्हणून. उणे २.९ हा आकडा आला तेव्हा तो कुणाच्या टेबलावर पडायचा हे ठरलेलंच नव्हतं, मग तो फाइलीत पडला.

यात डॉक्टरमंडळींचाही दोष आहे आणि तो मी झाकणार नाही. हाड मोडल्यावर ते जोडणारे एक, हॉर्मोनवाले दुसरे, बायकांचे तिसरे आणि घराजवळचे चौथे. ठिसूळपणा सगळ्यांच्या मधल्या फटीत पडतो. जगात काही ठिकाणी याच्यावर साधा उपाय काढलाय. इस्पितळात फ्रॅक्चर घेऊन आलेल्या पन्नाशीपुढच्या प्रत्येकाची यादी एक नर्स ठेवते, त्याची हाडं तपासली गेली का, औषध सुरू झालं का, सहा महिन्यांनी तो ते घेतोय का, हे तीच बघते. ब्रिटनमध्ये ग्लासगोत नव्वदच्या दशकाअखेरीस अशी व्यवस्था उभी राहिली आणि मग पुष्कळ देशांत पसरली. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ती नर्स नाही. मग ती नर्स घरातल्या कुणीतरी व्हायचं. रिपोर्ट ज्याने बुक केला, त्यानेच.

सहावी सबब सगळ्यांत शेवटी येते आणि ती ऐकली की माझं बोलणंच खुंटतं. "आता राहिलंय किती? कशाला औषधं?" हे त्यागासारखं ऐकू येतं. पण ऑस्टिओपोरोसिसने माणूस पटकन आणि शांतपणे जातो अशी ज्यांची समजूत आहे, त्यांनी माझ्या थोरल्या आत्याकडे बघायला हवं होतं. शिबिरातली चिठ्ठी तीन वर्षं फाइलीत होती. मग एका पहाटे पायपुसण्यात पाय अडकला. खुब्याचं ऑपरेशन, मग वॉकर, मग दोन खोल्यांमधलं जग. आत्या त्यानंतर चार वर्षं होती. भाजी स्वतः निवडून आणणारी, दुसऱ्याच्या हातचा चहा न आवडणारी बाई, संडासला जायला सुनेला हाक मारायची. तिला मरणाची भीती कधीच नव्हती. तिला हाक मारण्याची लाज वाटायची. 'राहिलंय किती' असं म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं की जे राहिलंय ते कसं राहणार, हा प्रश्न आहे. आणि त्याचा भार तुमच्या एकट्यावर पडत नाही.

आता माझ्याही बाजूच्या लोकांना दोन शब्द. ठिपका पिवळ्या पट्ट्यात दिसला की लगेच घबराट करून औषधाचा आग्रह धरणारेही असतात. ऑस्टिओपीनिया हा काही रोग नाही, ती एक पायरी आहे. प्रत्येकाला औषध लागत नाही. शेफिल्ड विद्यापीठात तयार झालेलं, २००८ पासून उपलब्ध असलेलं फ्रॅक्स नावाचं गणित आहे. वय, वजन, पूर्वीचं फ्रॅक्चर, आई-वडिलांचा मोडलेला खुबा, धूम्रपान, स्टेरॉइड अशा गोष्टी घालून दहा वर्षांतला धोका काढता येतो. भारतासाठीही त्याची आवृत्ती आहे. पिवळ्या पट्ट्यातल्यांनी ते डॉक्टरांसमोर बसून करावं. पण खुबा किंवा मणका एवढ्याशा पडण्याने आधीच मोडला असेल, तर टी-स्कोअर काहीही असो, तो ऑस्टिओपोरोसिसच धरतात.

तर फाइल काढा. काय करायचं ते सांगते.

टाचेची चिठ्ठी असेल तर डेक्सा करून घ्या, मणके आणि खुबा दोन्हींची. वयस्कर माणसांच्या मणक्यांना झिजेचे काटे आलेले असतात, त्याने मणक्याचा आकडा उगीच चांगला दिसतो, म्हणून खुब्याचा आकडा नीट बघा. रिपोर्ट घेऊन एकाच डॉक्टरकडे जा आणि स्पष्ट विचारा, 'हे कोण बघणार? तुम्ही की आणखी कुणी?' कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, क्रिएटिनिन, थायरॉइड अशा रक्ततपासण्या होतील, कारण हाडं झिजण्यामागे कधी कधी दुसरंच कारण असतं. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी न्या. झोपेच्या आणि बीपीच्या सुद्धा, कारण त्यांनी तोल जातो.

आठवड्याची गोळी मिळाली तर ती कशी घ्यायची हे शिकून घ्या. सकाळी उपाशीपोटी, भरपूर साध्या पाण्याबरोबर आणि पुढचा अर्धा तास आडवं व्हायचं नाही, चहा नाही, काही नाही. ही गोळी पोटातून मुळात एक टक्कासुद्धा शोषली जात नाही, कॉफीबरोबर घेतली तर त्यातलीही निम्म्याहून जास्त वाया जाते. आपल्याकडे सकाळचा चहा हा धर्म आहे, पण आठवड्यातून एक दिवस अर्धा तास थांबायला देव रागावणार नाही. कॅल्शियमची गोळी तिच्याबरोबर नको, थायरॉइडच्या गोळीबरोबरही नको. दोन्हींत चार तासांचं अंतर हवं. अॅसिडिटी जास्त असेल, गिळायला त्रास असेल, तर तसं सांगा, सलाइनमधून वर्षातून एकदा घेता येतं. त्यानंतर एक-दोन दिवस ताप-अंगदुखी येऊ शकते, घाबरायचं नाही. डेनोसुमॅब नावाचं सहामाही इंजेक्शन सुरू केलं असेल, तर ते मनाने कधीही बंद करू नका. तारीख चुकवली तर मणके एकामागून एक मोडू शकतात. थांबवायचं असेल तर त्याच्या मागोमाग दुसरं औषध द्यावं लागतं.

नुसतं फिरायला जाणं पुरत नाही. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठा-बसा, स्वयंपाकाच्या ओट्याला धरून एका पायावर उभे राहा, थोडं वजन उचला, हे कुणाकडून तरी शिकून करा. मणका मोडलेला असेल तर कमरेतून पुढे वाकण्याची आसनं बंद. पश्चिमोत्तानासन नको, सूर्यनमस्कारातलं हस्तपादासनही नको, योगवर्गातल्या बाईंनी कितीही आग्रह केला तरी. जमिनीवरची भरलेली बादली उचलायची नाही.

आणि घर बघा. ते दारातलं निसटणारं पायपुसणं फेकून द्या. न्हाणीघरात आणि संडासात आधाराला दांडा बसवा, पडल्यावर नाही, आज. रात्री उठल्यावर दिसेल असा एक मिणमिणता दिवा ठेवा. मोतीबिंदू पिकायची वाट बघू नका.

एवढं सगळं करून एक-दोन वर्षांनी पुन्हा डेक्सा करा, शक्यतो त्याच यंत्रावर. तोही रिपोर्ट फाइलीत लावा, त्याला माझी हरकत नाही. वाचून लावा.

राहता राहिले काका. काका, तुमच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय, येत्या गुरुवारी अकराची. मी गाडी घेऊन साडेदहाला खाली येते. गोळी घेणार नाही हे तुम्ही त्यांना सांगा, मी मधे बोलणार नाही. फक्त फाइल माझ्या हातात असेल.